फंडाचा पैसा आणि सोन्याचा भाव

घरातला कर्ता माणूस निवृत्त होतो, फंड-ग्रॅच्युइटीची रक्कम हाती येते आणि चार दिवसांत कुणीतरी सांगतेच, "सगळ्याचे सोने घेऊन ठेवा, भाव वाढतोच आहे." एप्रिल २०२५ मध्ये तोळ्याचा भाव लाखावर गेल्यापासून हा सल्ला फारच ऐकू येतो. भगिनींनो, असे सांगणाऱ्याला दोन प्रश्न विचारा. दर महिन्याचे वाणसामान आणि औषधे कशातून आणायची? आणि हे सोने मोडायला नेले तर हाती किती पडेल?

दुसऱ्या प्रश्नाचा हिशेब आधी करू. सोपे जावे म्हणून बाजारातला तोळा, म्हणजे १० ग्रॅम, १,००,००० रुपये धरा. पाटल्या केल्या, घडणावळ १२ टक्के लागली, झाले १,१२,०००. त्यावर ३ टक्के जीएसटी, ३,३६० रुपये. सराफाला द्यायचे १,१५,३६०. दुसऱ्याच दिवशी मोडायला नेल्या तर घडणावळ गेली, करही गेला. उरले सोन्याचे लाख. घट धरणारा सराफ भेटला तर त्याहून कमी! म्हणजे भाव १५ टक्क्यांवर चढेपर्यंत तोटाच. म्हणून म्हातारपणासाठी घ्यायचेच असेल तर नक्षीचा दागिना नको, साधे वळे किंवा नाणे घ्यावे. बँकेचे नाणे बघून भुलू नका, बँक ते विकते पण परत घेत नाही. दागिना घेतलाच तर २२ कॅरेटचा ९१६ हा शिक्का आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी पाहून घ्या. हॉलमार्कच्या दागिन्यावर तो १ एप्रिल २०२३ पासून बंधनकारक आहे.

भाव नेहमी वाढतोच, हेही खरे नाही. २०१२ मध्ये तोळा ३१ हजारांच्या आसपास होता, तो २०१५ च्या अखेरीस २५-२६ हजारांवर आला. ज्याला त्याच वर्षी ऑपरेशनसाठी सोने मोडावे लागले, त्याला पुढच्या तेजीचा काय उपयोग?

आता पहिला प्रश्न. सोने व्याज देत नाही. पोस्टातील ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत साठीनंतर ३० लाखांपर्यंत ठेवता येतात आणि दर तीन महिन्यांनी व्याज मिळते. घरखर्च आणि दवाखाना आधी तिथे सुरक्षित करा. उरलेल्यातून, दहातला एखादा हिस्सा, सोने घ्या. तेही एकदम नको, वर्षभरात थोडे थोडे.

मी सोन्याच्या विरोधात नाही. आपल्याकडे घर नवऱ्याच्या नावावर, ठेव मुलाच्या सल्ल्याने. बाईच्या हक्काचे म्हणावे ते बहुधा अंगावरचे सोनेच. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याचे कलम १४ बौद्ध स्त्रीलाही लागू आहे. तिच्या मालकीच्या सोन्यावर पूर्ण हक्क तिचाच. सुनेच्या बारशाला किंवा नातवाच्या फीसाठी ते तिला न विचारता काढायचे नसते.

लॉकरबद्दल एक सांगते. चोरी झाली किंवा आग लागली तर बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या शंभरपटीपुरतीच आहे. भाडे २,००० असेल तर २ लाख. आत पाच तोळे असतील तर हिशेब तुम्हीच करा. सोन्याचे बिल मात्र बाईच्याच नावाने करून घ्या आणि ते लॉकरमध्ये न ठेवता घरच्या कागदपत्रांत ठेवा.