सुसरबाई, तुझी पाठ मऊ!

रविवारी नागावला आमच्या वाडीच्या बांधाशी उभे राहिले की समुद्राकडे निघालेल्या मोटारींची रांग दिसते. परवा रस्ता विचारायला थांबलेल्या एका मुंबईकर गृहस्थांनी चौकशी केली, "काका, इकडे मगरी आहेत ना हो? पोरांना पाण्यात सोडायचं का?" चिपळूणच्या रस्त्यावरून चाललेल्या मगरीची २०२४ सालची चित्रफीत त्यांनी पाहिली होती. मी म्हटले, "मगरी बघायच्या तर महाडला जा. सध्या भ्यायचे दिवस त्यांचे आहेत." गृहस्थ हसून निघून गेले. मी मात्र विनोद केला नव्हता.

नव्वदच्या दशकात बँकेच्या नोकरीत मी महाडला होतो. पंपाच्या कर्जाची तपासणी करायला सावित्रीच्या काठावर गेलो, तेव्हा कर्जदार शेतकऱ्याने पंपाच्या आधी बोट दाखवले ते समोरच्या बेटाकडे. "साहेब, ती बघा." वाळूत ओंडका पडावा तशी ती पडली होती, तोंड उघडे टाकून. तो तिला सुसर म्हणे. कोकणातच काय, कृष्णाकाठीही पुष्कळ जण तसेच म्हणतात. फूटव्हॉल्व्ह साफ करायला तो रोज त्याच पाण्यात उतरत असे. मी घाबरून विचारले, तर म्हणाला, "तिची वेळ वेगळी, आमची वेगळी."

या एका वाक्यात मगर आणि माणूस यांच्या शेजाराचे सगळे शास्त्र आले, हे मला फार उशिरा कळले. आपल्याकडची ही मगर गोड्या पाण्यातली. खाडीचे मचूळ पाणीही ती सोसते. उन्हाळ्याच्या तोंडाशी मादी काठावरच्या मऊ मातीत खड्डा करून पंचवीस-तीस अंडी घालते आणि दोनेक महिने राखण करीत बसते. पिल्लू नर होणार की मादी हे मातीची ऊब ठरवते: साधारण ३२ अंशांच्या आसपास बहुतेक नर, त्याखाली बहुतेक माद्या. पावसाच्या आधी पिल्ले आतून आवाज देतात, मग आई माती उकरून त्यांना जबड्यात धरून पाण्यात नेते. थोडक्यात, मगर पाण्यात राहते खरी, पण तिचा वंश काठावर चालतो.

कायद्याने तिला उणे काही ठेवलेले नाही. कातड्यापायी ती संपत आली, तेव्हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तिला पहिल्या अनुसूचीत बसवले. १९७५ मध्ये केंद्राने मगर प्रकल्प सुरू केला. म्हणजे वाघाच्या पंगतीला पाट मिळाला. पण वाघाला जंगल मिळाले; महाडच्या मगरीला काठ कोणी लिहून दिला? तारणाच्या कागदावर मालमत्तेचे वर्णनच नसावे, तशातला हा प्रकार.

आणि आता काठाचाच प्रश्न उभा राहिला आहे. २२ जुलै २०२१ रोजी महाड बुडाले. त्याच दिवशी तळियेची दरड कोसळली. नदीत साचलेला गाळ आणि बेटे पाणी अडवतात, ती काढा, ही महाडकरांची मागणी रास्तच होती. भरतीच्या वेळी समुद्र खालून पाणी चढवतो आणि वरून महाबळेश्वरचा पाऊस उतरतो, अशा कात्रीत हे गाव आहे. गाळ काढण्याचे काम सुरू झाले. मुश्कील अशी, की पोकलेन नदीत उतरतात पाणी कमी झाल्यावर, उन्हाळ्यात. मगरीची अंडीही तेव्हाच मातीत असतात. शेतकऱ्याचे ते "वेळ वेगळी" इथे मोडते.

काठ गेला की काय होते याचा अंदाज सांगली जिल्ह्यात कृष्णेवर येतो. तिथे वाळूचा उपसा झाला, ऊस पाण्याला भिडला. मगर आणि माणूस एकाच घाटावर आले. माणसे मेली, मुले मेली. मगरी हलवा अशी मागणी तिथे वारंवार होते. ज्याचे मूल गेले त्याला निसर्गसाखळीवर व्याख्यान देणे हा निर्लज्जपणा आहे. पण मगर हलवून जागा रिकामी राहत नाही, दुसरी येते.

मग गाळ काढायचा की नाही? काढायचाच. बडोद्यात विश्वामित्री नदीत ऐन शहरात चारशेहून अधिक मगरी आहेत. ऑगस्ट २०२४ च्या पुरानंतर २०२५ मध्ये तिथे नदी उपसायला घेतली, तेव्हा आधी मगरींची गणती केली आणि यंत्रांजवळ वनखात्याची माणसे व प्राणिमित्र उभे केले. महाडला फेब्रुवारीत काठ पायी तपासावा, घरट्यांवर निशाण लावावे, तेवढे तुकडे जूनपर्यंत वगळावेत. फार मोठा खर्च नाही. मंजुरीच्या कागदावर एक अट वाढेल, एवढेच. त्या अटीवाचून बिल काढायचे नाही, हेही लिहावे. अटी न पाळता उचललेली कर्जे मी पुष्कळ पाहिली आहेत.

हे लिहिण्याआधी त्या शेतकऱ्याला फोन केला. "साहेब, माझ्या घरात छातीइतकं पाणी होतं," तो म्हणाला. "गाळ काढू नका, असं तेवढं छापू नका." छापणार नाही म्हटले. मग विचारले, समोरचे बेट आहे का?

"निम्मं आहे."

"आणि सुसर?"

"ती दिसते. यंदा पिल्लं नाही दिसली."