मूळ गाडी कोणती?

ॲम्बॅसडर देखणी होती, असे तिचे मालकही म्हणत नाहीत. बोलते केले तर ते आधी तक्रारीच सांगतील : स्टिअरिंग जड, ब्रेकवर पायाचा सगळा भार टाकावा लागे, घाटात पाणी उकळे, पावसात दारांच्या फटीतून धार लागे. हॉर्न सोडून बाकी सर्व काही वाजते, हा जुना विनोदही तेच आपण होऊन ऐकवतात. आणि मग आवाज थोडा खाली आणून म्हणतात, ‘पण गाडी दणकट होती हो.’

या दणकटपणाची जरा चिकित्सा केली पाहिजे. मुळात ही इंग्लंडमधल्या मध्यमवर्गीय कुटुंबासाठी बनवलेली मॉरिस ऑक्सफर्ड. तिची तिसरी मालिका तिकडे १९५६ ते १९५९ अशी जेमतेम तीन वर्षे निघाली. इकडे हिंदुस्तान मोटर्सने तीच गाडी पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस उत्तरपाड्याच्या कारखान्यात घेतली आणि मे २०१४ पर्यंत बनवली. जी गाडी तिच्या मायदेशाने तीन वर्षांत मागे टाकली ती आपण अर्धशतकाहून अधिक काळ चालवली, याचे श्रेय तिच्या गुणांना देण्याआधी परवाना-पद्धतीला द्यावे लागेल. निवड नव्हती. मुंबई फियाटची होती. तिच्या शेवटच्या टॅक्सीला ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोप मिळाला तो वर्तमानपत्रांतून, हळहळीसकट. ॲम्बॅसडरच्या वाट्याला आपल्याकडे आली ती लाल दिव्याची आठवण, म्हणजे साहेबांची. घरची म्हणून तिची आठवण फार थोड्यांनी लिहिली.

अर्नाळ्यासारख्या गावात ती घरची होती, आणि एकाच घरची नव्हती. आगाशी-अर्नाळा पट्ट्यात ज्याच्या दारात गाडी, त्याच्या गाडीवर आळीचा हक्क असे. लग्नाचे वऱ्हाड, रात्री-अपरात्री विरारला न्यायचा रोगी, डिकीत केळीचे घड. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच असल्यामुळे पुढचे आसन सलग बाकासारखे. त्यावर चालकासकट चौघे बसत, मागे किती ते विचारू नये.

पण समुद्रकाठ लोखंडाचा वैरी. खाऱ्या वाऱ्याने आधी चाकांवरच्या कमानी फुगतात, मग दारांचे तळ, मग पायाखालचा पत्रा. म्हणून इथे टिकलेली प्रत्येक ॲम्बॅसडर म्हणजे मेस्त्रीने अनेकदा नव्याने घडवलेली गाडी असते. सडलेला पत्रा कापून नवा जोडायचा, मागचे पाटे बदलायचे, पेट्रोल परवडेना तेव्हा मॅटाडोरचे डिझेल इंजिन बसवायचे. ज्याला मालक दणकटपणा म्हणतात तो पुष्कळसा या हातांचा आहे. गाडीचा गुण इतकाच, की तिने हे हात आत येऊ दिले. बॉनेट उघडले की आत माणूस वाकून काम करू शकेल एवढी जागा, आणि प्रत्येक भाग पान्याने सुटणारा.

आता केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केलेले व्हिंटेज वाहनांचे नियम पाहा. वाहन पन्नास वर्षांहून जुने हवे, मूळ स्वरूपात राखलेले हवे, आणि सांगाडा, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. नोंदणीला वीस हजार रुपये, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे, आणि रोजच्या वापराला बंदी. ॲम्बॅसडरला वेगळी चासी नाही. बॉडी हाच तिचा सांगाडा. नियम शब्दशः वाचला तर तळाचा पत्रा बदललेली गाडी अपात्र ठरू शकते. म्हणजे संस्थानिकाच्या गॅरेजात आच्छादनाखाली झोपलेली गाडी वारसा, आणि जी चाळीस पावसाळे माणसे वाहत राहिली ती भंगार!

संग्राहकांचा आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो पोकळ नाही. ‘मूळ’पणाची अट काढली तर कुणीही जुन्या क्रमांकाच्या पाटीवर नवी गाडी उभी करील. फसवणुकीची भीती खरी आहे. पण तिच्यावर उपाय दुरुस्तीची नोंद हा आहे; दुरुस्तीलाच दोष मानणे नव्हे.

अर्नाळ्याचा किल्लाच घ्या. बेटावर गुजरातच्या सुलतानांचे बांधकाम, त्यावर पोर्तुगीजांचे, आणि १७३७ मध्ये बेट मराठ्यांकडे आल्यावर झालेली पुनर्बांधणी, जिच्यात बाजीरावांचे नाव घेणारा शिलालेख दरवाजावर कोरला आहे. यातला ‘मूळ’ किल्ला कोणता, असे विचारून त्याला कुणी वारशातून वगळत नाही. उलट कुणी, केव्हा बांधले हे दगडावर लिहिलेले आहे, याचेच आपल्याला कौतुक वाटते.

गाडीच्या नोंदणी-पुस्तकात असा शिलालेख कोरायला जागा नाही. इंजिन बदलले तर तेवढी नोंद होते, इंधन बदलले तर तेवढी. पत्रा कुणी जोडला, पाटे कुणी वाकवले, हे मेस्त्रीच्या तोंडी राहते. ते मेस्त्री आता साठी-सत्तरीत आहेत, आणि त्यांच्या हाताखाली शिकणारी पोरे बॉनेट उघडण्याआधी गाडीला संगणक जोडतात. व्हिंटेजच्या अर्जासोबत एकदा त्या मेस्त्र्यांची जबानी मागवावी. निदान वसईच्या परिवहन कार्यालयाने तरी, जिथे समुद्र दूर नाही.