रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचे देणे

सिंगापूरच्या मराठी माणसाला आपल्या शिस्तीचा फार अभिमान आहे. तो रांग मोडत नाही, रस्त्यावर थुंकत नाही, सिग्नल तोडत नाही. ही शिस्त मनातून आलेली किती आणि कॅमेऱ्याच्या धाकाने आलेली किती, हे तपासायचे असेल तर घरातल्या नव्या चालकासाठी गाडीचा विमा उतरवला जातो त्या दिवशी तिथे काय बोलले जाते ते ऐकावे. ‘बाबांच्याच नावावर ठेवू, मुख्य चालक बाबाच दाखवू, तुझे नाव खाली टाकू, हप्ता निम्म्यावर येईल.’ बाबा रोज एमआरटी मेट्रोने कामाला जातात. गाडी रोज मुलगा घेऊन जातो. हे सगळ्यांना माहीत असते, आणि तरी अर्जावर सही होते.

याला आपण व्यवहारज्ञान म्हणतो. मी याला फसवणूक म्हणतो, आणि ती आपण पोटच्या मुलाला साक्षीला बसवून करतो.

या देशात गाडी घेणे ही चैन आहे. १९९० पासून गाडी रस्त्यावर आणण्याचा हक्क लिलावात विकत घ्यावा लागतो आणि तो दहा वर्षेच टिकतो. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मोठ्या गाडीसाठी या नुसत्या कागदाची किंमत दीड लाख डॉलरपर्यंत गेली होती. एवढी रक्कम आपण कुरकुरत का होईना भरतो, कारण तिच्या बदल्यात दारात गाडी दिसते. मग विम्याची वेळ आली की काही शे डॉलरसाठी आपली सत्यनिष्ठा डळमळू लागते, कारण विमा दारात दिसत नाही. त्याचा मुख्य लाभ मिळतो तो ज्याला आपण ओळखतही नाही अशा माणसाला.

सक्तीचा विमा आला तोच मुळी त्या माणसासाठी. गाडीखाली येणारा बहुधा गरीब, आणि गाडी चालवणाऱ्याकडे भरपाई देण्याची ऐपत असेलच असे नाही, हे अनुभवाने कळल्यावर ब्रिटनने १९३० मध्ये तो कायद्याने लादला. भारताने १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात तो घातला, सिंगापूरने १९६० च्या कायद्यात. इथे विम्याशिवाय गाडी चालवली तर हजार डॉलरपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, शिवाय वर्षभर गाडी चालवण्यास बंदी. म्हणून इथे विमा नसलेली गाडी सहसा सापडत नाही. खोटे बोलून घेतलेला विमा मात्र घरोघरी सापडेल.

आणि या खोट्याने नुकसान कोणाचे होते? विम्याच्या अर्जावर स्पष्ट बजावलेले असते की माहीत असलेली प्रत्येक गोष्ट खरी सांगा, नाही तर कदाचित पदरात काहीच पडणार नाही. अपघातानंतर तपासनीस विचारणारच की गाडी रोज कोण नेते, कुठे उभी असते. तेव्हा बापाने मुलाला खोटे बोलायला लावायचे, की मुलाने बापाला उघडे पाडायचे? अपघात झालाच नाही, असे धरू. दावा न केल्याबद्दल इथे हप्त्यात दर वर्षी दहा टक्के सूट वाढत जाते आणि पाच वर्षांनी ती पन्नास टक्के होते. ही सूट ज्याच्या नावावर विमा आहे त्याची. पाच वर्षे सांभाळून गाडी चालवली मुलाने, सूट जमली बापाच्या खात्यात. स्वतःची गाडी घेताना मुलगा पुन्हा शून्यावर. हिशेबी म्हणवणाऱ्या आपल्या समाजाचा हा हिशेब.

दुसरे खोटे याहून जुने आहे आणि ते आपण विमानातून बरोबर आणतो. भारतीय परवाना असलेल्या माणसाला इथे पहिले बारा महिने त्यावर गाडी चालवता येते. पुढे तो बदलून घ्यायला संगणकावरची पन्नास प्रश्नांची लेखी परीक्षा द्यावी लागते. प्रत्यक्ष गाडी चालवून दाखवावी लागत नाही. हा आपल्या देशावर टाकलेला विश्वास आहे. तो परवाना आपल्यापैकी किती जणांनी कसा मिळवला? आरटीओबाहेरच्या एजंटाच्या हातात पैसे ठेवून, गाडी धड मागे न घेता. त्या कागदावर आज आठ-दहा वर्षे उलटलेली दिसतात. विम्याच्या अर्जात ‘अनुभव किती वर्षे’ या रकान्यात तीच वर्षे आपण भरतो आणि हप्ता खाली येतो. ज्याने दहा वर्षांत दहा दिवस सुकाणू धरलेले नाही तो पॅन-आयलंड एक्स्प्रेसवेवर पावसात अनुभवी म्हणून उतरतो. नव्या चालकाला जास्त हप्ता आणि जास्त ‘एक्सेस’ (म्हणजे दाव्यातली आपल्या खिशातून भरायची रक्कम) लावतात ते छळायला नव्हे. त्याच्या हातून अपघात जास्त होतात म्हणून लावतात.

अपघात इथेही होतात आणि मायदेशीही. २०२४ च्या एप्रिलमध्ये सिंगापूरच्या टॅम्पिनीसमधल्या चौकात सहा वाहने एकमेकांवर आदळली. एक सतरा वर्षांची विद्यार्थिनी आणि एक सत्तावन्न वर्षांची स्त्री मरण पावली. चालकाला काही दिवसांतच न्यायालयात उभे करण्यात आले. महिना उलटायच्या आत, १९ मे रोजी, पुण्याच्या कल्याणीनगरात पोर्शे गाडीने दोन तरुण अभियंत्यांना चिरडले. सतरा वर्षांचा मुलगा ती चालवत होता, असे पोलिसांनी सांगितले. काही तासांत जामीन मिळाला, आणि अटींत एक अट तीनशे शब्दांच्या निबंधाची होती. पुढे त्या मुलाच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयाच्या डॉक्टरांना अटक झाली. त्या महागड्या गाडीची नोंदणी १,७५८ रुपयांचे शुल्क न भरल्यामुळे अडलेली होती, हेही बाहेर आले. सिंगापूरच्या मराठी घरांत त्या दिवसांत पुण्याच्या त्या घराला शिव्यांची लाखोली वाहिली गेली. योग्यच होते. पण मुलासाठी कागद वाकवण्याची सुरुवात कुठून होते, हे त्या वेळी किती जणांनी स्वतःला विचारले?

मायदेशी या वृत्तीचे फळ डोळ्यांसमोर आहे. २०२२ मध्ये महाराष्ट्रात पंधरा हजारांहून अधिक माणसे रस्त्यावर मेली. देशातल्या निम्म्याहून अधिक वाहनांना विमाच नाही. विमा नसलेल्या गाडीखाली कमावता माणूस गेला की त्याची बायको वर्षानुवर्षे न्यायाधिकरणाचे उंबरे झिजवते, आणि शेवटी भरपाईचा हुकूम हातात पडतो तेव्हा वसूल करायला समोर काही उरलेले नसते. ठोकून पळालेल्याचा पत्ताच लागला नाही तर सरकार एका जिवाचे दोन लाख रुपये देते. दुचाकीचा विमा पोलिसमामाला दाखवण्यापुरता काढणारा आणि सिंगापुरात बापाच्या नावावर गाडी चालवणारा यांत मला पैशाचा फरक दिसतो, नीतीचा दिसत नाही.

खरे बोलूनही हप्ता कमी करता येतो, आणि नव्या चालकाने तेच शिकावे. पहिली गाडी जुनी, लहान, लिलावातल्या हक्काची थोडीच वर्षे उरलेली घ्यावी. ती कर्जाविना घेतली तर सर्वसमावेशक विम्याचा आग्रह धरणारी बँक मध्ये नसते. केवळ दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा पुष्कळ स्वस्त पडतो, आणि स्वतःचा पत्रा चेपला तर खर्च स्वतः सोसावा. ‘एक्सेस’ वाढवून घेतला की हप्ता उतरतो, पण तेवढी रक्कम बँकेत बाजूला असेल तरच. हौसेने गाडीत फेरफार करू नयेत. खासगी विम्यावर भाड्याची माणसे वाहू नयेत. मलेशियातल्या जोहोरला जाण्याआधी विमा तिथे चालतो का आणि सुकाणू धरणाऱ्याचे नाव त्यात आहे का, हे पाहावे. नव्या चालकाच्या पहिल्या, पी-प्लेटच्या वर्षात तेरा दोषगुण झाले की परवाना जातो आणि सगळे पहिल्यापासून सुरू होते. उलट तीन वर्षे एकही दोषगुण न घेता काढली तर बऱ्याच कंपन्या आणखी पाच टक्के सोडतात. परवाना एजंटाकडून आलेला असेल तर लाज न बाळगता एखाद्या प्रशिक्षकाकडे पैसे भरून रात्री आणि पावसात गाडी शिकावी.

आणि गाडी कुठेही घासली तरी चोवीस तासांत, फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी, विमा कंपनीला कळवावे. इथेही आपली मंडळी मांडवलीला धावतात, कारण एका दाव्याने पन्नास टक्क्यांची सूट वीसवर येते. पन्नास डॉलर हातात कोंबून ज्या म्हाताऱ्या बाईला आपण ‘काही लागले नाही ना?’ विचारून निघतो, तिचा खुबा दुसऱ्या दिवशी सुजतो. या शहरात वृद्ध पादचारी वाहनांखाली येतात म्हणून २०१४ पासून ‘सिल्व्हर झोन’ करून वेग कमी करावा लागला. ती बाई कोणाकडे दाद मागणार?

मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात आपण मुलांना संस्कार देतो म्हणून भाषणे होतात. या वर्षी आईबापांनी एवढेच करावे: विम्याचा अर्ज मुलासमोर भरावा, मुख्य चालकाच्या रकान्यात त्याचेच नाव लिहावे, आणि वाढलेला हप्ता त्याच्याकडून, त्याच्या कमाईतून, भरून घ्यावा. तो हप्ता परवडत नसेल तर त्या घराला अजून गाडी परवडत नाही.