बाकावर पाय टेकत नाहीत, यात चूक कोणाची?



आज पाठ्यपुस्तकाबाहेरच्या एका विषयावर लिहितेय. विषय डिझाइनचा आहे. "हे मोठ्या शहरातल्या मुलांचं, आमच्या पोलादपूरच्या वाडीवस्तीवर याचं काय काम?" असं तुम्ही म्हणाल. वर्षभरापूर्वी मीही हेच म्हटलं असतं.

गेल्या जूनमध्ये शाळा सुरू होऊन आठवडा झाला होता. बाहेर धो-धो पाऊस आणि सकाळी अकरालाच वर्गात अंधार. माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. चौथीत माझ्या वर्गात होता, आता डिझाइनचं शिक्षण घेतोय. खुर्च्या, दिवे, घरातल्या वापरायच्या वस्तू हा त्याचा आवडीचा विषय. एकदा बोलायला लागला की थांबत नाही. मी चहा मागवला आणि हा तोवर पहिलीच्या वर्गात जाऊन गुडघ्यावर बसला. मला हाक मारून म्हणाला, "बाई, यांचे पाय जमिनीला टेकतच नाहीत."

मी पाहिलं. खरंच, सगळे पाय लोंबकळत होते. त्याने खिशातून टेप काढली. बाकाची उंची ४३ सेंटिमीटर. समोरच्या मुलीचा गुडघ्यापासून टाचेपर्यंतचा पाय ३० सेंटिमीटर. "पाय टेकले नाहीत की मूल पुढे सरकतं, मग पाठ वाकते, मग ते पाय हलवत बसतं. तुम्ही पाच तास असं बसून बघा," म्हणाला.

खरं सांगते, मला ओशाळल्यासारखं झालं. कारण "पाय हलवू नका, नीट बसा" हे वाक्य मी दिवसातून किमान वीस वेळा बोलते. एवढ्या वर्षांत मी मुलांना बेशिस्त ठरवत आले. बाक मोजावा असं एकदाही मनात आलं नाही.

मग त्याने ट्यूबलाइट दाखवली. ती मुलांच्या पाठीमागच्या भिंतीवर आहे. म्हणजे लिहिताना मुलाचीच सावली वहीवर पडते. "उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून हवा, नाहीतर हाताची सावली अक्षरावर पडते," हे त्याने माझाच हात वहीवर ठेवून दाखवलं. खिडकी डावीकडे येईल असे बाक फिरवायला आम्हाला दहा मिनिटं लागली. खर्च शून्य.

आता याच मुलाची चौथीतली गोष्ट ऐका. वर्गातलं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं होतं, ते याने मधल्या सुट्टीत उघडलं. सगळे भाग बाकावर ओळीने मांडून ठेवले होते. मी काय केलं? रागावले, वडिलांना बोलावून घेतलं. वडील सुतार. बिचारे हात जोडून उभे राहिले. पुढे त्याची दहावी झाली तेव्हा "सायन्सला घाला" असा सल्लाही मीच दिला. तो सायन्सला गेला आणि दोन वर्षं रडतखडत काढली.

त्याला या विषयाचं वेड कुठून लागलं, हे त्याने त्या दिवशी सांगितलं. २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर तो वडिलांबरोबर महाडला नातेवाइकांचं घर साफ करायला गेला होता. आपण सगळ्यांनीच तो चिखल पाहिलाय. रस्त्यावर फर्निचरचे ढीग पडले होते. प्लायवूड आणि भुशाच्या बोर्डाची कपाटं फुगून फुटलेली, ड्रॉवर अडकलेले. आणि त्याच घरातलं आजोबांच्या वेळचं सागवानी टेबल धुऊन, वाळवून पुन्हा उभं राहिलं. याला प्रश्न पडला, सावित्रीच्या काठी राहणाऱ्या माणसाचं कपाट जमिनीपासूनच का सुरू होतं? कागदपत्रांचा खण सगळ्यात खाली का? मला विचाराल तर डिझाइन म्हणजे हेच. दिसायला छान करणं ही नंतरची गोष्ट. आधी अडचण कुणाची आहे, ती कुठे आहे, हे बघायचं.

आणि आपल्या भागात हे कधीच नवीन नव्हतं. लावणीतलं इरलं आठवा. बांबूच्या कामट्या आणि पानं, डोक्यापासून पाठीवर उतरणारं. बाई वाकली तरी पाठ कोरडी आणि दोन्ही हात रोप लावायला मोकळे. छत्रीला हे जमत नाही. विळी बघा, पाय पाटावर दाबून दोन्ही हातांनी भाजी चिरता येते. शिंकं बघा, मांजरापासून दूध वाचवायचं म्हणून टांगलेलं. अमेरिकन डिझायनर चार्ल्स आणि रे ईम्स यांनी १९५८ साली भारत सरकारला एक अहवाल दिला. त्यात त्यांनी सर्वांत जास्त कौतुक केलं ते आपल्या साध्या लोट्याचं. त्याच अहवालाच्या आधारे १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था म्हणजे एनआयडी उभी राहिली. मुंबईच्या आयआयटीत १९६९ साली इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर सुरू झालं. त्याच्या उभारणीत सुधाकर नाडकर्णी सरांचा मोठा वाटा होता. ते सर जे. जे. चे विद्यार्थी, पुढे जर्मनीत उल्मला शिकलेले. आणि गणिताच्या वहीत आपली मुलं जे रुपयाचं चिन्ह काढतात ना, ते याच सेंटरमध्ये पीएचडी केलेल्या डी. उदय कुमार यांनी तयार केलं. सरकारने ते १५ जुलै २०१० रोजी स्वीकारलं.

आणखी एक उदाहरण पालकांना जरूर सांगा. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. मध्ये गेले. तिथे कळलं की त्यांना रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकला सुटली, पण यंत्रांची ड्रॉइंग त्यांनी सोडली नाहीत. ते व्हीजेटीआयमध्ये शिक्षक झाले, मग बेळगावला सायकलचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमिनीला विष चढेल या भीतीने शेतकरी सुरुवातीला तो घेईनात. पुढे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. चित्रकलेत "नापास" झालेल्या मुलाची ही गोष्ट आहे.

पण सगळं गोडगोड लिहायचं नाही. त्या मुलाच्या वडिलांनी मला विचारलं होतं, "बाई, रंधा मारायला कॉलेजात कशाला जायला पायजे? तो मी घरी शिकवतो की!" प्रश्न रास्त आहे. आज मला वाटतं, रंधा, पटाशी, गुण्या हे वडीलच जास्त चांगलं शिकवतील. कॉलेजात तो शिकतो ते वेगळं. खुर्चीवर कोण बसणार, त्याचं माप काय, एकाऐवजी हजार खुर्च्या करायच्या तर लाकूड किती वाया जाईल, मोडली तर गावात दुरुस्त होईल का. दोन्ही शिक्षणं एकमेकांना पूरक आहेत. वडिलांचं काम कमी दर्जाचं, असं मुलाच्या मनात भरवू नका.

दुसरी गोष्ट पैशांची. काही खासगी कॉलेजांच्या फी आपल्या ऐपतीबाहेरच्या असतात. जाहिरात बघून कर्ज काढू नका. एनआयडीची प्रवेश परीक्षा आणि आयआयटीसाठीची यूसीड परीक्षा बारावीनंतर कुठल्याही शाखेच्या मुलाला देता येते. आमच्या मुलाला सायन्सला ढकलायची गरज नव्हती, हे मला फार उशिरा कळलं. ज्याला लवकर कमावायचंय त्याच्यासाठी आयटीआयचा सुतारकामाचा कोर्सही आहे. आणि एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षांना मुलांना बसवा. हात आणि नजर दोन्ही तयार होतात.

शाळेत आपण काय करू शकतो? मी करतेय ते सांगते.

१. मोजमापाचा पाठ बाकावरच घ्या. मुलांनी एकमेकांचे गुडघे, कोपर आणि बाक मोजावेत. सेंटिमीटर कायमचा लक्षात राहतो.

२. घरातली एक जुनी वस्तू आणायला सांगा. ती कोणासाठी, कशाची, मोडली तर कोण दुरुस्त करतं, यावर पाच वाक्यं. परिसर अभ्यास आणि भाषा दोन्ही होतं.

३. कार्यानुभवाच्या तासाला गावातले सुतार, बुरूड यांना बोलवा. नवीन शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दप्तरविरहित दिवस सांगितलेत, त्यात स्थानिक कारागिरांकडून शिकणं अपेक्षित आहे. पण हे प्राथमिकलाही जमतं.

४. मुलाने काही उघडलं तर ओरडण्याआधी विचारा, "आत काय सापडलं?" विजेची वस्तू मात्र मोठ्यांशिवाय उघडायची नाही, हे आधीच बजावा.

बाकांचं पुढे काय झालं? मुख्याध्यापकांची परवानगी घेतली. त्या मुलाने आणि त्याच्या वडिलांनी उरलेल्या लाकडाच्या फळ्या पहिलीच्या बाकांना खालून आडव्या बसवून दिल्या. माप मुलाने घेतलं, फळ्या वडिलांनी रंधल्या. चमत्कार वगैरे झाला नाही. दोन-तीन पोरं अजूनही पाय हलवतात, ती हलवणारच. पण लिहिताना पाठी सरळ दिसतात आणि माझं ते वाक्य बरंच कमी झालंय.

काम संपल्यावर वडील थोडा वेळ त्या छोट्या बाकाकडे बघत उभे होते. मग मला म्हणाले, "बाई, आमच्या वक्ताला हे कुणी इचारलं नाय."

उद्या शाळेत गेलात की एकदा मुलांच्या पायांकडे बघा. तुमच्या वर्गात काय दिसलं ते मला नक्की कळवा.