फुलदाणीतले सूर्यफूल

अंकुशनगर म्हणजे साखर कारखान्याचे गाव. इथे फुलदाणीच्या पाण्यातही चमचाभर साखर पडते, फुले टिकावीत म्हणून. समजूत अर्धीच खरी. देठ तुटला की झाडाकडून येणारे अन्न थांबते, तेव्हा साखर फुलाच्या कामी येते खरी. पण तीच साखर पाण्यातल्या जंतूंनाही मेजवानीच! ते माजले की देठातल्या बारीक नळ्या बुजतात, आणि भर पाण्यात उभे असलेले सूर्यफूल तहानेने मान टाकते. म्हणून साखर घालायचीच तर सोबत लिंबाचे थोडे थेंब हवेत. आंबट पाण्यात जंतूंची वाढ मंदावते. तेवढी खटपट नको असेल, तर नुसते स्वच्छ पाणीच बरे.

सूर्यफूल भारी पाणीपिते. ते सकाळच्या गारव्यात, पाकळ्या उलगडू लागल्या की तोडावे. पाण्यात बुडतील ती पाने खुडावीत. देठ धारदार सुरीने तिरका कापावा. बोथट कात्रीने तो चेचला जातो. पाणी रोज बदलावे, फुलदाणी आतून घासावी (हेच नेमके राहते!) आणि देठाचे टोक पुन्हा बोटभर छाटावे. एवढ्याने साधारण आठवडा निघतो, म्हणजे वसुबारसेचे फूल भाऊबीज पाहते. सोबत गुलाब असतील, तर फुलदाणी केळ्यांच्या ताटाजवळ मात्र नको. पिकत्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने गुलाब लवकर कोमेजतात.