९५ वर्षांची दिरंगाई

जगाला लोकशाहीचे धडे देणाऱ्या अमेरिकेने एकदा स्वतःचा इतिहास उघडून पाहावा. वंश वा रंग पाहून मताधिकार नाकारता येणार नाही, असे तिच्या राज्यघटनेत १८७० सालीच लिहिले गेले. परंतु दक्षिणेकडील राज्यांनी मतदान-कर आणि साक्षरतेच्या परीक्षा पुढे करून कृष्णवर्णीयांना मतपेटीपासून दूर ठेवले. नियमांत रंगाचा उल्लेखही नव्हता. घाव मात्र नेमका बसत होता!

७ मार्च १९६५ रोजी अलाबामातील सेल्मा येथे हाच हक्क मागणाऱ्या निःशस्त्र मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालविल्या. तेव्हा कोठे देश हादरला आणि ६ ऑगस्टला मताधिकार कायदा झाला. घटनेतील एक वाक्य प्रत्यक्षात उतरण्यास तब्बल ९५ वर्षे लागली!

या कायद्यान्वये, भेदभावाचा पूर्वेतिहास असलेल्या राज्यांना निवडणुकीचे नियम बदलण्यापूर्वी केंद्राची संमती घ्यावी लागे. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने परिस्थिती पालटल्याचे कारण देत, ५ विरुद्ध ४ मतांनी, ही तरतूद निष्प्रभ केली. परिस्थिती पालटली ती ज्या पहाऱ्यामुळे, तो पहाराच अनावश्यक ठरविणे हा कोणता न्याय? घटनेतील अक्षरांना बळ येते ते जागरूक नागरिकांमुळे; तो समाज झोपला, की हक्क पुन्हा कागदावरच उरतात.