पानक, सरबत आणि ‘मॉकटेल’

पदव्युत्तर वर्गात रससिद्धान्त शिकवताना ‘पानकरसन्याय’ टाळून पुढे जाता येत नाही. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त आणि पुढे विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त रसास्वादाचे स्वरूप समजावण्यासाठी एका पेयाचा दाखला दिला आहे. साखर, मिरी इत्यादी पदार्थ एकत्र आले की पानकात जी चव निर्माण होते ती त्यांपैकी कोणत्याही एकाची नसते. त्याचप्रमाणे विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून येणारा रस त्या घटकांहून वेगळा, अपूर्व असतो. हे सारे मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, पानक म्हणजे नेमके काय?” मी सवयीने उत्तरलो, “एक प्रकारचे सरबत.” त्याच आठवड्यात विभागाच्या निरोपसमारंभात खाद्यपदार्थांच्या यादीवर ‘रॉ मँगो मॉकटेल’ असे शब्द दिसले. पेल्यात अर्थातच कैरीचे पन्हे होते. ‘पानक’ आणि ‘पन्हे’ हे एकाच शब्दाचे संस्कृत आणि मराठी रूप आहे, हे तेथे उपस्थित असलेल्या मराठीच्या आम्हा प्राध्यापकांपैकी कोणालाही त्या क्षणी सुचले नाही.

हा प्रसंग विनोदी वाटेल, परंतु त्यामागचा प्रश्न केवळ नावाचा नाही. ‘मॉकटेल’ या शब्दाच्या पूर्वार्धातच नक्कल आहे. १८०६ साली न्यूयॉर्क राज्यातील हडसन येथील एका नियतकालिकाने ‘कॉकटेल’चे घटक सांगितले ते असे : मद्य, साखर, पाणी आणि कडू अर्क. मॉकटेलची कल्पना या व्याख्येतून पहिले पद वगळून सिद्ध होते. म्हणजे ज्या पेयात जे नाही, त्यावरून त्या पेयाची ओळख ठरते. मद्यरहित पेयांपैकी जगभर प्रसिद्ध झालेले एक पेय शर्ली टेंपल या बालतारकेच्या नावाने ओळखले जाते. आल्याच्या चवीचा सोडा, डाळिंबाचा गोड लाल पाक आणि वर एक चेरी असे त्याचे रूप. मोठ्यांच्या मेजवानीत मुलालाही एक रंगीत पेला मिळावा, हा त्यामागचा भाव. तो भाव प्रेमळ आहे. पण न पिणाऱ्या प्रौढाच्या हाती आपण आजही तोच पेला देतो, याचा विचार व्हायला हवा.

आपल्या भाषेतील शब्दांचा इतिहास येथे काही वेगळे सांगतो. ‘सरबत’ आणि ‘शराब’ ही दोन्ही रूपे ‘पिणे’ या अर्थाच्या एकाच अरबी धातूपासून आली आहेत. मुळात दोघांचा अर्थ केवळ ‘पेय’. एक खरे आणि दुसरे त्याची नक्कल, असे नाते त्यांच्यात नाही. ती सख्खी भावंडे आहेत. ‘पंच’ या पेयाचे उदाहरणही पाहण्यासारखे आहे. सतराव्या शतकात पश्चिम किनाऱ्यावर आलेल्या जॉन फ्रायर या इंग्रज वैद्याने, गोव्यातील नेरूळच्या मद्यापासून इंग्रज लोक हे पेय करीत असे लिहिताना, पाच घटकांमुळे त्याला हे नाव पडल्याचे नोंदवले आहे. या व्युत्पत्तीविषयी मतभेद आहेत. ती ग्राह्य मानली, तर मात्र त्या नावात मद्य हा पाचांतला एक घटक ठरतो, सर्वस्व नव्हे. नाव रचनेवरून पडले आहे, नशेवरून नाही.

यावर एक आक्षेप येऊ शकतो, आणि तो रास्त आहे. मॉकटेलमुळे न पिणाऱ्या माणसाला मैफलीत मानाने बसता आले. कोपऱ्यात पाण्याचा पेला धरून अवघडून उभे राहण्याची वेळ टळली. हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु नक्कल दिसण्याची होते, रचनेची होत नाही. मद्याचे पेयातील काम केवळ नशा आणण्याचे नसते. ते सुगंध वाहून आणते, घशाला चटका देते आणि घोट सावकाश घ्यायला लावते. मद्य काढून त्याच्या जागी पाक, रंग आणि सोडा घातला की पेला दिसतो तसाच, पण दोन घोटांत संपतो आणि जिभेवर केवळ गोडवा उरतो. बहुतेक मॉकटेल फसतात ते येथे.

पन्ह्याची रचना याच कसोटीवर तपासून पाहावी. कैऱ्या सालीसकट वाफवून गर काढावा. एक वाटी गराला, आंबटपणा पाहून, दीड ते दोन वाट्या गूळ लागतो. तो गर गरम असतानाच घालावा, म्हणजे नीट विरघळतो. मीठ चिमूटभर. मीठ खारटपणासाठी नसते. ते कडवटपणा दाबते आणि गुळाची चव पुढे आणते. वेलदोडा मात्र मिश्रण निवल्यावरच घालावा, कारण त्याचा सुगंध उष्णतेने उडून जातो. शेवटी शास्त्रकारांच्या आज्ञेप्रमाणे किंचित मिरपूड. घशाला हवा असलेला चटका मिरी देते, घोट सावकाश घ्यायला आंबटपणा लावतो. पेलाभर पाण्याला या गराचे दोन-तीन चमचे पुरतात. पाणी माठातले असावे हा माझा आग्रह निव्वळ स्मरणरंजनाचा नाही. फार थंड पेयात जिभेला गोडी कमी जाणवते. म्हणून बर्फ वाढला की साखरही वाढवावी लागते. माठाच्या पाण्यात थोडक्या गुळात काम भागते.

कोकमाचे सरबतही असेच स्वयंपूर्ण आहे. पिकलेल्या रातांब्यांच्या सालींवर साखर घालून बरणी काही दिवस उन्हात ठेवली की साखरच सालींतला रस ओढून घेते. त्याला विस्तव लागत नाही. त्यात आयत्या वेळी भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि मीठ घातले की आंबट, गोड, खारट आणि किंचित तुरट अशा चार चवी एका घोटात येतात. येथे कोणत्याही मद्याची उणीव जाणवत नाही, कारण ते या रचनेत कधी नव्हतेच.

मात्र ‘घरचे ते सारे पवित्र’ अशी आरती येथे ओवाळायची नाही. पन्ह्यातही गूळ भरपूर असतो, हे वरच्या प्रमाणावरून कळेलच. आणि ‘घरी करणे’ या शब्दप्रयोगात कर्ता नेहमी लपलेला असतो. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पातेलेभर पन्हे आणि वाटली डाळ करताना घरातील बायकांचे हात किती दुखले, याची नोंद आपल्या वाङ्मयीन स्मरणरंजनात क्वचितच आढळते. पन्हे मी पंचेचाळिसाव्या वर्षी प्रथम स्वतः केले. तोवर त्याचे सौंदर्यशास्त्र मी शिकवत होतो, आणि ते करण्याचे श्रम मात्र दुसऱ्या कोणाचे होते.

माझे म्हणणे एवढेच, की मद्यरहित पेयाला अभावाच्या खात्यातून बाहेर काढावे. इंग्रजी शब्द नको, असा हा आग्रह नाही. ‘सरबत’ तरी कुठे मूळचा आपला? तो आपण आपल्या जिभेवर घडवून घेतला. आक्षेप आहे तो स्वतःकडे पूर्ण रचना असताना ती दुसऱ्याची उणी प्रत म्हणून मांडण्याला. साहित्याच्या अभ्यासकाला ही सवय ओळखीची वाटावी. आपल्याकडील एखादी चांगली कृतीसुद्धा ‘अमुक पाश्चात्त्य कृतीसारखी’ असे म्हटल्याशिवाय आपल्याला तिची थोरवी पटवून देता येत नाही.

यंदा पानकरसन्याय शिकवण्याच्या दिवशी मी घरून पन्हे करून नेले. सगळ्यांनी चाखले. मागच्या बाकावरून एकाने विचारले, “सर, मिरी वेगळी लागते आहे. म्हणजे रसनिष्पत्ती झाली नाही ना?”

मी मान्य केले. मिरी खरोखरच जास्त झाली होती.